कट्ट्यावर बसायचं कसं: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

चौदा वर्षांपूर्वी नगरहून इथल्या एका फाउंड्रीत क्वालिटी खात्यात लागलो, तेव्हा भाड्याची खोली, गॅस, पोराची शाळा अशी सगळी चौकशी करून आलो होतो. एका गोष्टीची कुणी कल्पना दिली नव्हती. कोल्हापुरात माणसाला मत असावं लागतं. चहाच्या गाड्यावर कप हातात पडायच्या आत शेजारचा अनोळखी माणूस विचारतो, "काय भावा, काय वाटतंय, येतंय का?" काय येतंय ते तुम्ही ओळखायचं. ते पुराचं पाणी असेल, निवडणुकीतली सीट असेल, नाहीतर फुटबॉलची मॅच. "मला काही कल्पना नाही" असं पहिल्या दिवशी म्हणालो, तर समोरच्यानं काळजीनं विचारलं, "बरं न्हाई काय?"

आमच्याकडे दरवर्षी ट्रेनी पोरं येतात, कुणी लातूरचं, कुणी वर्ध्याचं. पहिल्या महिन्यात ती दोनपैकी एक चूक करतात. सगळ्यांच्या सगळ्याला हो म्हणतात, नाहीतर मोबाइलवर वाचलेलं ज्ञान कट्ट्यावर सोडतात. त्यांना चहा पाजत जे सांगतो, ते एकदा लिहून काढतोय.

आधी आठवडाभर नुसतं ऐका

आवाज चढला म्हणजे भांडण लागलं, असं समजू नका. इथं "गप की लगा" हे प्रेमानं म्हणतात. खरं बिनसलं की उलट होतं, माणूस "साहेब, आपलं बरोबर आहे" असं छापील बोलायला लागतो. तेव्हा मात्र विषय बदला.

दुसरं, बायका-पोरी "मी आलो", "मी जातो" असं बोलतात. आमच्या ऑफिसातल्या वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मी डबा खाऊन आलो, तुम्ही बसा जावा." मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. ती इथली बोली आहे. दुरुस्त करायला जाऊ नका, आणि हसू तर अजिबात नका.

आणि मालिकेतलं कोल्हापुरी तोंडात घालू नका. दर वाक्याला "नाद खुळा" म्हणणारा माणूस हमखास बाहेरचा असतो. इथला माणूस ते दिवसातून एखाद्या वेळी म्हणतो, तेही भजी खरंच चांगली निघाली तर. वयस्कर माणसाला मामा, काका, नाहीतर आबा म्हणा. आपल्या वयाच्याला भावा चालतं. बाईंना मावशी किंवा वहिनी. "अंकल" म्हणालात तर चहा मिळेल, गप्पा मिळणार नाहीत.

मग विचारा, गाव कुठलं

पक्ष विचारू नका. इथल्या राजकारणात पक्षाच्या आधी गट येतो. गट म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती. विधानसभेला एकमेकांच्या विरोधात उभी असलेली माणसं दूध संघाच्या पॅनेलमध्ये शेजारी बसलेली दिसतील. बाहेरून आलेल्याला हे विचित्र वाटतं. पण ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत आणि दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्याच्या घरात दिल्लीपेक्षा दुधाचा दर मोठा असतो, यात विचित्र काय?

म्हणून मत ऐकलं की आधी ते कुठून येतंय ते बघा. हद्दवाढीचंच घ्या. कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, आणि तेव्हापासून शहराची हद्द जिथल्या तिथं आहे, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. शहरातला माणूस म्हणतो, हद्द वाढली पाहिजे, त्याशिवाय निधी येणार नाही आणि शहर वाढणार नाही. दोन किलोमीटरवरच्या गावातला म्हणतो, आधी शहरातले खड्डे भरा, मग आमच्याकडं या. त्याला घरफाळा, म्हणजे घरपट्टी, वाढायची भीती आहे, शेतावर आरक्षण पडायची भीती आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. माझं स्वतःचं मत हद्दवाढीच्या बाजूचं आहे, पण मी शहरात भाड्यानं राहतो आणि माझ्या नावावर एक गुंठाही नाही, हे सांगितल्याशिवाय ते मत मी मांडत नाही. मांडलंच, तर कुणीतरी विचारतंच.

इथल्या माणसाला रस्त्यावर उतरायची सवय आहे आणि त्याचा त्याला अभिमानही आहे. शहरांतर्गत रस्त्यांवरचा टोल लोकांनी लढून घालवला, २०१५ संपता संपता सरकारला तो रद्द करावा लागला. त्या आंदोलनात पुढं असलेले ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या घालून मारले गेले. त्यांच्याबद्दल बोलताना चेष्टेचा सूर लावू नका, समोरचा कुठल्याही विचाराचा असो. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी तर सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक दशकं लावून धरली होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं सर्किट बेंच सुरू झालं. त्यामुळं "आंदोलनानं काय होतंय?" हे वाक्य नगरला चालत असेल, इथं चालत नाही.

आरक्षणावर बोलायचं असेल तर दसरा चौकात एक चक्कर मारून या आणि मग बोला. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आहे, आजूबाजूला जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा इमारती. निरनिराळ्या समाजांच्या खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून महाराजांनी वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के रिकाम्या जागा राखून ठेवल्याचं जाहीर झालं. "हे सगळं स्वातंत्र्यानंतर मतांसाठी सुरू झालं" असं आमचा एक ट्रेनी कँटीनमध्ये म्हणाला. फर्नेसवरचे मामा जेवता जेवता थांबले, त्यांनी तारीख सांगितली, आणि पुन्हा जेवायला लागले. तो पोरगा नंतर विरोधातच राहिला, पण बोलण्याआधी वाचायला लागला.

पावसाळ्यात मत फुटात सांगा

इथं जरा थांबतो, कारण हा विषय जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हाला चुकवता येणार नाही.

आमच्या खात्यात "बरोबर वाटतंय" चालत नाही. कास्टिंगला व्हर्नियर लावायचा आणि मिलिमीटर सांगायचा. पुराच्या बाबतीत अख्खं शहर असंच वागतं. पाऊस लागला की लोक "जोरात आहे" म्हणत नाहीत. "राजारामला छत्तीस फूट झालंय" म्हणतात. कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे घराच्या पत्त्यासारखे पाठ करा. आपल्या गल्लीत पाणी किती फुटाला येतं ते शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारा. त्यांना पाठ असतं, आणि बहुतेक वेळा उंबऱ्यापर्यंतच्या इंचासकट.

आता या विषयातले गैरसमज, कारण ते दरवर्षी पाण्यासोबत येतात.

"बंधाऱ्याचे दरवाजे उघडत नाहीत म्हणून पाणी तुंबलंय." राजाराम हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. इंजिनिअरिंग केलेल्यांनी केटी वेअर हे नाव ऐकलं असेल, त्यातला के म्हणजे हेच कोल्हापूर. त्याला धरणासारखे दरवाजे नसतात. खांबांमध्ये बरगे घालून पाणी अडवतात, तेही पावसाळा सरल्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून ठेवतात. पूर आला की बंधारा पाण्याखाली असतो, त्यात अडवायला कुणी काही ठेवलेलं नसतं.

"राधानगरीचं पाणी रात्रीत सोडलं, कुणाला न सांगता." राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप बंद होतात. बटण दाबणारा साहेब नसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी बाहेर पडतं. म्हणून बातमीत "तीन दरवाजे उघडले" असं आलं की मनातल्या मनात गुणाकार करा आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवा. ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास जातात. तेवढ्या वेळात गाडी उंचावर लावून होते.

तिसरा विषय अलमट्टीचा, आणि याला गैरसमज म्हणायची माझी छाती नाही. हे धरण कर्नाटकात कृष्णेवर आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीत. तिथून खाली पाणी पुढं सरकलं नाही की मागं फुगतं, असं शिरोळ तालुक्यातला माणूस डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगतो. राज्य सरकारनं २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र त्या पुराला अलमट्टी कारण नसल्याचं म्हटलं आणि अतिवृष्टीकडं, नदीपात्रातल्या अडथळ्यांकडं बोट दाखवलं. आता कर्नाटकाला अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, त्यामुळं हा वाद थंड व्हायचा नाही. नवख्या माणसानं एवढंच करावं, समोरचा शिरोळचा आहे की चिखली-आंबेवाडीचा ते विचारावं. चिखली-आंबेवाडीत पाणी सगळ्यात आधी शिरतं, आणि तिथला माणूस अलमट्टीइतकंच शहराजवळ पूररेषेत पडलेल्या भरावावर बोलतो. भरावाचा मुद्दा मला जास्त पटतो. भराव रोज कामावर जाता-येता दिसतो.

फोन खिशात ठेवा, निदान दहा मिनिटं

माझीच गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी जुलैत रात्री ग्रुपवर फोटो आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ट्रकच्या रांगा. मी तो तीन ग्रुपवर ढकलला, वर लिहिलं "सकाळच्या शिफ्टनं घरीच थांबा." बावड्यात राहणाऱ्या आमच्या मेंटेनन्सच्या माणसाचा फोन आला. "साहेब, फोटो मोठा करून बघा. उजवीकडचं होर्डिंग." बघितलं तर २०१९ च्या निवडणुकीतल्या उमेदवाराचा हात जोडलेला चेहरा. फोटो २०१९ च्या महापुराचा होता, हायवे खरंच दिवसच्या दिवस बंद पडला होता तेव्हाचा. त्या रात्री नदी इशारा पातळीच्याही खाली होती. सकाळी अकरा जण कामावर आले नाहीत आणि मला प्लँट हेडसमोर उभं राहावं लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत साधी आहे. फोटोत पाट्या, होर्डिंग, गाड्यांचे नंबर, माणसांचे कपडे बघायचे. स्वेटर घातलेली माणसं पुरात उभी असतील तर काहीतरी चुकतंय. मग पातळीचा आकडा बघायचा. तो जिल्हा प्रशासनाकडून दिवसातून अनेकदा जाहीर होतो. एवढं करून उरलं तर पुढं पाठवायचं. बहुतेक वेळा उरत नाही.

आता एआयनं बनवलेले व्हिडिओ आलेत, त्यात होर्डिंगवरची अक्षरं वेडीवाकडी असायची, तीही हळूहळू सुधारायला लागलीत. त्यामुळं नुसत्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका. पाठवणाऱ्याला "तुला कुठून आला?" एवढं विचारा. तीन माणसं मागं गेलात की "माहीत नाही" येतंच.

पुराचा फोटो चुकला तर फार तर शिफ्ट बुडते. धर्माचा, इतिहासातल्या माणसांचा विषय असेल तर फोन सरळ खिशात घाला. जून २०२३ मध्ये मोबाइलवर ठेवलेल्या काही स्टेटसवरून शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. आमच्याकडं डिस्पॅचची कागदपत्रं दीड दिवस अडकली होती. ज्या दोन पोरांच्या दुकानांचं नुकसान झालं ती कट्ट्यावरचीच होती. त्यांनी कुणाचं स्टेटस बघितलंही नव्हतं.

खाण्याबद्दल बोलताना

हॉटेलात मिळणारं "व्हेज कोल्हापुरी" इथं घरात कुणी करत नाही. ते मागवून "कोल्हापूरसारखं नाही लागलं" म्हणू नका. पांढरा रस्सा तिखट नसतो, नारळाच्या दुधाचा असतो. तांबड्यात चव कांदा-लसूण चटणीची. मिसळीला पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, आणि वरून मागायचा तो "कट". तर्री म्हणालात तर मिळेल, पण गाव कुठलं ते कळेल. कोल्हापुरी चपलेवर वाद निघाला तर एवढं लक्षात असू द्या, तिचं २०१९ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार, अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल चालवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथं चहाच्या गाड्यापासून कोर्टापर्यंत तोच विषय होता.

दुधाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्यालगत बांधलेल्या असतात, मालक तुमच्यासमोर धार काढतो, फेसाळलेला ग्लास कोमट असतानाच हातात देतो. ओठाला फेस लागतो, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येतो, आणि शेजारी एखादा पैलवान दुसरा ग्लास संपवून तिसरा मागत असतो. बघण्यासारखी जागा आहे. तिथं तुम्हाला सांगतील, "तापवलं की ताकद गेली."

तापवून ताकद जात नाही. प्रथिनं, कॅल्शियम, स्निग्धांश सगळं तिथंच राहतं, थोडीफार जीवनसत्त्वं कमी होतात. जातात ते जंतू. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, क्षयाचे जंतू येऊ शकतात. हे मी एकदा तिथल्या मामांना म्हणालो. त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "साठ वर्सं पितोय." मी म्हणालो, "मामा, तुम्ही पचवलंत, माझं पोर अजून लहान आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत. पिशवीत दूध भरून दिलं आणि म्हणाले, "घरी जाऊन एक उकळी आण जा." वाद असाही सुटतो. मी अजून त्यांच्याकडूनच दूध घेतो.

देवीचं नाव, पडद्याचं गाव, पेठेचा संघ

मुंबईहून येणारी गाडी महालक्ष्मी एक्स्प्रेस, पण इथले लोक देवीला अंबाबाई म्हणतात. ती विष्णुपत्नी लक्ष्मी की आदिशक्ती, यावर इथं जुना आणि तापणारा वाद आहे. आपण अंबाबाई म्हणावं आणि पुढं जावं. किरणोत्सव मात्र बघा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. एखाद्या वर्षी ती मूर्तीपर्यंत पोचत नाहीत आणि लगेच "देवी रुसली" सुरू होतं. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, वाटेत महाद्वार रोडवरची बांधकामं आहेत, क्षितिजावर ढग आणि धुरकं असतं. अडथळ्यांची मोजणी होते, ते काढायची चर्चा होते, आणि पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा सगळे आकाशाकडं बघत उभे.

मराठी सिनेमा पुण्या-मुंबईचा, असं चुकूनही म्हणू नका. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे प्रभात कोल्हापुरात असतानाचा. आमच्या पॅटर्न शॉपमधल्या आबांचं म्हणणं, कॅमेरा करणारं गाव आणि ऑइल इंजिन करणारं गाव एकच असणार, त्यात नवल काय. हे मत मला फार आवडतं.

फुटबॉलला जायचं तर शाहू स्टेडियमवर जा, पण आधी आपण कुणाच्या शेजारी बसतोय ते बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती संघांची नावं नाहीत, पेठांची आणि तालमींची नावं आहेत. घर भाड्यानं घेतलं त्या पेठेचा संघ आपला, एवढं सोपं आहे. मी घर बदललं तेव्हा संघही बदलावा लागला, जुने शेजारी अजून टोमणे मारतात. वर्ल्ड कपला तर अर्जेंटिना आणि ब्राझील अशी गल्ली विभागली जाते. भारत खेळत नाही मग एवढं काय, असं विचारू नका. मी विचारलं होतं. मला २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाच्या झेंड्याची दोरी धरून तासभर उभं केलं.

उठताना

चर्चा संपत नसते, चहा संपतो. बिल द्यायला खिशात हात घातलात की चार हात तुमचं मनगट धरतील. पहिले दोन महिने देऊ देणार नाहीत, पाव्हणं म्हणून. भांडू नका. तिसऱ्या महिन्यात गाड्यावर सगळ्यांच्या आधी पोचा, मालकाला शंभराची नोट आधीच देऊन ठेवा आणि काही बोलू नका. नंतर चिडतील, आवाज चढवतील, "आता तू लय शाणा झालास" म्हणतील. दुसऱ्या दिवशी तुमची जागा कट्ट्यावर राखून ठेवलेली असते.